‘दर्यानं नेलं’ म्हणण्याआधी



आजची गोष्ट इतिहासातली आहे, पण मला ती आठवली आमच्या बचत गटाच्या सहलीमुळे. जानेवारीत आम्ही सतरा जणी रायगड जिल्ह्यातला एक जलदुर्ग बघायला गेलो होतो. किनाऱ्यावरून किल्ल्यापर्यंत शिडाच्या होडीनं जायचं. होडी भरली होती तरी होडीवाला म्हणत होता, “अजून चार बसतील, जरा सरका.” आम्ही सरकलो. वाटेत कुणीतरी ओरडलं, “ते बघा, डॉल्फिन!” झालं, आमच्या दहा-बारा जणी एकदम उठून एका बाजूला आल्या. होडी त्या बाजूला अशी कलली की काठावर टेकलेला माझा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला. होडीवाल्यानं शिवी हासडली, सगळ्या मटकन खाली बसल्या आणि होडी सावरली. दोन मिनिटांनी आम्ही हसतही होतो. लाइफ जॅकेटं होडीत होती. एका गोणीत, दोरीनं बांधून ठेवलेली.

घरी आल्यावर मी ही गंमत म्हणून आजेसासूबाईंना सांगितली. त्या हसल्या नाहीत. सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, सहसा माझ्या सगळ्या गोष्टींना हसतात. त्या एवढंच म्हणाल्या, “अशीच कलली होती रामदास.”

लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या. त्यांचे वडील ‘रामदास’ बोटीवर होते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरात कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “बापाला दर्यानं नेला.” त्यापुढे कुणी काही विचारत नसे. मग मी वाचायला घेतलं, जुन्या माणसांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हांला सांगते.

तारीख १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. आषाढ संपत आला होता आणि लोक गटारी अमावास्येला गावी निघाले होते. आता गटारी म्हटलं की दारू-मटणाचे विनोद होतात, पण मुंबईत गिरणीत, गोदीत राबणाऱ्या कोकणी माणसाला श्रावण लागण्याआधी घरी एक फेरी मारायची ती हक्काची वेळ होती. आमच्या अलिबाग, पेण, रोहा भागातल्या माणसाला तेव्हा सरळ रस्ता नव्हता. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत बसायचं, दीड-दोन तासांत रेवसला उतरायचं, पुढे बैलगाडी, मचवा किंवा पाय. आगबोट म्हणजे आपली त्या काळची एसटीच.

‘रामदास’ साधी बोट नव्हती. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वान हंटर या नावाजलेल्या कारखान्यात बांधलेली, जवळपास १८० फूट लांब. ती चालवणारी कंपनी सहकारी तत्त्वावरची होती. परदेशी मालकांच्या बोटींना उत्तर म्हणून स्वदेशीच्या वाऱ्यात उभी राहिलेली, म्हणून लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावं देत. आपण गटवाल्या बायका आहोत, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी थेंब थेंब करून पैसा जमवला आणि समुद्रावर बोट घातली! आणि तरीही पुढचं जे घडलं ते घडलं. बोट आपली आहे, नाव संताचं आहे, एवढ्यानं ती सुरक्षित होत नाही.

सकाळी आठच्या सुमाराला बोट सुटली. बोटीवर सातशेहून अधिक माणसं होती. सुटताना हवा बरी होती म्हणतात. बंदरातून बाहेर पडल्यावर वारा वाढला, पाऊस आडवा येऊ लागला. मुंबईपासून बारा-तेरा किलोमीटरवर काशाचा खडक आहे, त्याच्या आसपास बोट पोचली तेव्हा मोठमोठ्या लाटा येत होत्या. एक लाट आत शिरली. पाणी बघून लोक घाबरले आणि ज्या बाजूनं पाणी आलं ती सोडून दुसऱ्या बाजूला धावले. बोट तिकडे कलली. त्यात पुढची लाट आली. बोट आडवी झाली आणि काही मिनिटांत पाण्याखाली गेली. साडेआठ वाजून गेले होते फक्त. सहाशेहून अधिक माणसं गेली.

आता इथे जरा थांबते, कारण सगळी गोष्ट या धावण्यात आहे.

आपण डोक्यावर पाटी घेऊन चालतो. पाटीत वीस किलो मासळी नीट पसरलेली असेल तर मैलभर चालता येतं. तीच मासळी एका कडेला घसरली तर? वजन तेवढंच, पण मान मुरगळते आणि पाटी जाते. बोटीचं तसंच आहे. सातशे माणसं, सरासरी पन्नास किलोनं धरली तरी पस्तीस टन होतात. पस्तीस टन सिमेंट बोटीच्या तळाशी बांधून ठेवलं तर उलट बोट स्थिर होते. पण माणूस हे पाय असलेलं वजन आहे. ते घाबरतं, आणि घाबरलं की सगळ्यांबरोबर एकाच दिशेला पळतं. त्यात माणसं वरच्या मजल्यावर उभी असली तर भार वर जातो. बसलेल्या माणसांची बोट आणि उभ्या माणसांची बोट, माणसं तीच असली तरी, वेगळ्या असतात. शिवाय आत शिरलेलं पाणीही मोकळं असतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी तिकडेच धावतं आणि तिला अजून कलवतं.

मी पळणाऱ्यांना दोष देत नाही. पाणी अंगावर आलं की पाय आपोआप निघतात. आमच्या सतरा जणींना तर नुसत्या एका डॉल्फिननं उठवलं. २०१८ च्या जानेवारीत डहाणूच्या किनाऱ्याजवळ शाळकरी मुलांनी भरलेली होडी उलटली. ती मुलं फोटो काढायला एका बाजूला गेली आणि होडी उलटली असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यातल्या काही मुली घरी परत आल्या नाहीत. समुद्र त्या दिवशी शांत होता.

दुसरी एक गोष्ट मला वाचताना सारखी टोचत होती. बोट मुंबईपासून इतकी जवळ बुडाली, धक्क्यावरून गेलेली बोट दीड-दोन तासांत रेवसला लागायला हवी होती. मग मदत कुठे होती? उत्तर असं की दुपार उलटेपर्यंत मुंबईत कुणाला पत्ताच नव्हता. ‘रामदास’वर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. बोट बुडतेय हे किनाऱ्याला कळवायला काहीच साधन नव्हतं. मुंबईला वाटलं असणार की बोट रेवसला लागली. रेवसला वाट बघणाऱ्यांना वाटलं असणार की हवा बघून ती सुटलीच नाही. दोन्ही किनारे निवांत, आणि मधे ती माणसं पाण्यात.

आणि बिनतारी यंत्र ही काही तेव्हा नवलाई नव्हती. १९१२ साली टायटॅनिक बुडाली ती पस्तीस वर्षं आधी. तिथे पंधराशे माणसं गेली हे सगळ्यांना माहीत असतं. पण जी सातशेच्या आसपास वाचली ती कशानं वाचली? टायटॅनिकनं बिनतारी संदेश पाठवला, तो ‘कार्पेथिया’ नावाच्या बोटीनं ऐकला आणि ती रात्रीतून धावत आली. नाहीतर होड्यांत बसलेली माणसंही त्या गारठ्यात गेली असती. त्याही आधी, १८८८ च्या नोव्हेंबरात, कच्छहून मुंबईला येणारी ‘वैतरणा’ बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेच्या वर माणसांसकट नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलंही होती तिच्यावर. तिचा साधा अवशेषही मिळाला नाही. तेव्हा बिनतारी यंत्र जगात कुठेच नव्हतं, म्हणून त्या काळाला माफ करता येतं. १९४७ ला कसं करायचं? आणि आमच्या कोकण किनाऱ्याला आधीच धडा मिळाला होता. १९२७ च्या नोव्हेंबरातल्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी एकाच दिवशी गेल्या होत्या. त्या वेळीही लोक म्हणाले असतील, दर्यानं नेलं.

मग मुंबईला कळलं कसं? एका पोरानं कळवलं. शाळकरी वयाचा, आमच्याच अलिबाग भागातला मुलगा. त्याच्या हाताला एक बोया लागला, म्हणजे बोटीवर टांगलेलं ते तरंगतं चाक. ते त्यानं सोडलं नाही. तासन्‌तास वाहत वाहत तो गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला लागला, आणि त्याच्या तोंडून शहराला कळलं की रामदास बुडाली. पुढे तो मुलगा म्हातारा झाला आणि म्हातारपणीही ही हकिगत सांगत असे.

तो गेटवेलाच कसा लागला? कोळीवाड्यातल्या बायकांना हे उत्तर तोंडपाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगते. आपल्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणपट करायचं. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्दशी असेल तर साडेदहा. म्हणजे गटारीच्या सुमाराला मुंबईत भरती दुपारच्या आधी पुरी होते. सकाळी साडेआठ-नऊला पाणी चढत असणार आणि बाहेरून बंदराच्या आत ओढत असणार. त्यातून अमावास्येचं उधाण, अष्टमीच्या भांगापेक्षा कितीतरी जोराचं. त्या पोरानं पोहत मुंबई गाठली नाही. तो फक्त तरंगत राहिला, आणि पाण्यानं त्याला नेलं. जे पाणी बुडवतं तेच किनाऱ्यालाही आणून टाकतं, पण त्यासाठी तोपर्यंत नाक वर राहायला हवं.

बाकीचे जे वाचले, त्यातल्या कित्येकांना सरकारनं किंवा कंपनीनं नाही, कोळ्यांनी वाचवलं. रेवसच्या बाजूचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांना पाण्यात माणसं दिसली. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि तिच्या जागी माणसं ओढून घेतली. एका खेपेची मासळी म्हणजे काय हे जिनं ती विकलीय तिलाच कळेल. पावसाळ्यातली मासळी, भाव चढा, बर्फ नाही, कर्जाचा हप्ता डोक्यावर. ती टाकून द्यायला त्यांनी किती वेळ विचार केला असेल? मला वाटतं अजिबात केला नसेल. पण त्यांची नावं फार कमी ठिकाणी वाचायला मिळतात, याची मला चीड येते.

लाइफ जॅकेटांसाठी बोटीवर ओढाओढ झाली, असं वाचलेल्या माणसांनी सांगितलंय. आता विचार करा. टायटॅनिक बुडायला अडीच तासांहून जास्त लागले. तिथे होड्या खाली सोडायला, बायकामुलांना आधी बसवायला वेळ मिळाला. ‘रामदास’ला काही मिनिटं मिळाली. कललेल्या बोटीवर, पावसात, शेकडो माणसं किंचाळत असताना कपाटातलं जॅकेट काढायचं, बंद सोडवायचे, पोराला घालायचं, मग स्वतःला घालायचं? होतच नाही ते. उलटणाऱ्या बोटीवर जे अंगावर असतं तेवढंच आपलं. म्हणून आमच्या होडीतली ती गोणी मला आता झोपेत दिसते.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा माणसं गेली. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू देऊ नका, असे हुकूम निघाले. सत्त्याहत्तर वर्षांनी तेच पाणी, तोच धडा.

पण चांगली गोष्टही सांगायला हवी. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ एक प्रवासी बोट खडकाला लागून बुडू लागली. ८८ माणसं होती, सगळी वाचली. का? तर पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती, ती लगेच पोचली. बोट फुटली नाही असं नाही, समुद्र दयाळू होता असंही नाही. मदतीला कळलं आणि मदत जवळ होती, एवढाच फरक. आता तर प्रत्येकीच्या कमरेला मोबाइल आहे. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, फुकट लागतो, आणि ११२ तर सगळ्यांना माहीतच आहे. हा १५५४ आमच्या गटातल्या सतराजणींपैकी एकीलाही माहीत नव्हता, मलासुद्धा नाही. नवऱ्याला विचारलं, तो मासेमारीला जातो. त्याला माहीत होता. “मग मला कधी सांगितला का नाहीस?” तर म्हणतो, “तू कुठे जातेस दर्यात?” घ्या!

बायका जात नाहीत कशा? रोज जातात. मासळी घेऊन जातात, पलीकडच्या बाजाराला जातात, दवाखान्याला जातात, माहेरी जातात. आणि जाताना लुगड्यात किंवा साडीत जातात, कडेवर पोर असतं, हातात पिशवी असते. ओली साडी पाण्यात दगडासारखी खाली खेचते असं नाही, पण पायांना गुंडाळते आणि पाय मारू देत नाही. आमच्या जुन्या कोळणी कास्टा घालत, त्यांचे पाय मोकळे राहत. आता कुणाला नऊवारी नेसायला सांगत नाही मी. पण होडीत बसण्याआधी निऱ्या खोचून पदर कमरेला घट्ट बांधायला काय जातं? पिशवी पायाशी ठेवा, खांद्यात अडकवू नका. आणि पाण्यात पडलातच तर किनाऱ्याच्या दिशेनं पोहायची घाई करू नका. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि ओहोटी असेल तर तो लांब लांबच जातो. होडी उलटून तरंगत असेल तर तिलाच धरून राहा, शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा होडी आधी दिसते. होडी नसेल तर जे तरंगेल ते. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन माणसाला तोलून धरतो, पालथी धरलेली घागरसुद्धा काही काळ आधार देते. काहीच नसेल तर उताणं पडायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे, छाती भरून श्वास घ्यायचा. कान बुडाले की बायका घाबरून मान वर काढतात, आणि मान वर काढली की पाय खाली जातात. हे मला आता अनुभवानं माहीत आहे, त्याचं कारण शेवटी सांगते.

आजेसासूबाईंकडे परत येते. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. त्या दिवशी सकाळी त्या आणि त्यांचे आजोबा गाडी जुंपून रेवसला गेले. पाऊस मरणाचा. बोट आली नाही. आजोबा म्हणाले, हवा बिघडली, उद्या येईल. परत आले. दुसऱ्या दिवशी गावात बातमी आली. पुढे कित्येक दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत होती, आजोबा रोज बघायला जात. वडील सापडले नाहीत. त्यांच्या आईनं बरीच वर्षं कुंकू पुसलं नाही, कारण वाचलेला कुणी माणूस कुठेतरी दूर लागला असेल असं तिला वाटायचं. लोक नावं ठेवत. मग कधीतरी तिनंच पुसलं.

मी त्यांना विचारलं, “त्यांना पोहता येत होतं का हो?”

“खाडीकाठचा माणूस,” त्या म्हणाल्या, “पोहायला येतच होतं. पोहायला येतं म्हणून कुणी चाक धरायला देणार नाही ना, पोरी. ज्याला येतं तो दुसऱ्याला देतो.”

यावर मला काही बोलता आलं नाही. त्या असंच घडलं असं म्हणाल्या नाहीत, त्यांना तरी कुठून माहीत असणार? पण अठ्ठ्याहत्तर वर्षं त्यांनी मनात तसंच धरून ठेवलंय.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी ही सगळी हकिगत गटाला वाचून दाखवली. आधी शांतता, मग नेहमीप्रमाणे भांडण. एक म्हणाली, इतकं घाबरायचं तर घरीच बसा. दुसरी म्हणाली, जॅकेटात फोटो चांगला येत नाही. आमच्या अध्यक्षा स्वतः मासळी विकतात. त्यांनी दोन गोष्टी ठरावात लिहायला लावल्या. गटाच्या नावानं कुठेही होडीनं जायचं झालं तर जॅकेट बांधून झाल्याशिवाय होडी सुटू द्यायची नाही, आणि ‘अजून चार बसतील’ असं कुणी म्हणालं तर आपल्यातल्या चौघींनी उतरायचं. यावरही वाद झाला, की उतरणाऱ्या चौघी कोण? ते अजून ठरलेलं नाही.

तिसरी गोष्ट ठरावात नाही, पण ती चालू झालीय. गावच्या तळ्यात कमरेएवढं पाणी असतं तिथे, दर रविवारी दुपारी, पुरुषमंडळी जेवून झोपलेली असताना, आम्ही सात-आठ जणी उतरतो. माझ्या नणंदेला पोहता येतं, ती शिकवते. पोहणं अजून लांब आहे. सध्या फक्त उताणं तरंगायचं, ड्रेस घालून नाही, रोजच्या साडीतच, कारण पडलो तर साडीतच पडणार. मी पहिल्या दिवशी चार सेकंदं तरंगले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

आजेसासूबाई काठावर दगडावर बसतात आणि मोठ्यानं आकडे मोजतात. गेल्या रविवारी माझे साठ मोजले. मी उठायला लागले तर म्हणाल्या, “उठू नको, अजून मोजतेय.”